निशाणी डावा अंगठा

स्मरणिका काढावयाची ठरली म्हणजे पहिली शोधाशोध छायाचित्रांची होते. संस्थापक आणि त्यांचे सहकारी, पायाभरणीला आलेले पाहुणे, पूज्य भन्तेजी, मुख्याध्यापक, वसतिगृहाचे अधीक्षक, दहावीत प्रथम आलेले विद्यार्थी, या सर्वांची छायाचित्रे कोठे ना कोठे सापडतात. ज्यांनी आपले लेकरू हात धरून निवासी शाळेच्या ओट्यावर आणून सोडले, त्या माय आणि आज्या मात्र त्यांत क्वचितच दिसतात. छायाचित्रे निघत होती तेव्हा त्या बहुधा कोणाच्या तरी बांधीत रोवणीला वाकलेल्या होत्या. आमच्या पिढीच्या प्रवेश-अर्जावर पालकाच्या सहीच्या जागी शाईचा ठसा असे आणि त्याच्या शेजारी लेखनिकाच्या अक्षरात ‘निशाणी डावा अंगठा’ एवढेच शब्द. कित्येक आज्यांच्या हातची लिखित जगात उरलेली खूण तेवढीच आहे.

आपल्याकडे आईविषयी लिहिले जात नाही असे नाही. उलट फार लिहिले जाते. त्यागमूर्ती, वात्सल्यसिंधू, करुणेचा सागर ही विशेषणे प्रत्येक स्मरणिकेत तयार असतात. आमची तक्रार या विशेषणांविषयी आहे. ती कोणत्याही स्त्रीला लावता येतात, म्हणून ती कोणाही एकीची ओळख देत नाहीत. त्याग म्हटले की तिने काय सोडले एवढेच ध्यानात राहते. तिने काय ठरवले, कशाचा हिशेब केला, कोणाशी भांडली, कोणत्या गोष्टीला नकार दिला, हे सारे त्या एका शब्दाखाली झाकले जाते. मेत्तसुत्तात मैत्रीचे माप सांगताना एकुलत्या एक लेकराला प्राणपणाने जपणाऱ्या आईचा दाखला येतो. आपल्या शाळांतील मुलांना तो पाठ असतो. तेथे तिला कोणी देवता केलेले नाही. तिच्या रोजच्या कृतीलाच तेथे प्रमाण मानले आहे.

माता रमाईंच्या बाबतीतही आपले असेच झाले आहे. 7 फेब्रुवारीला जयंती होते, गाणी होतात, डोळे पाणावतात. त्यात गैर काही नाही. परंतु 1906 साली बालवयात लग्न होऊन आलेल्या या स्त्रीने पती 1913 ते 1917 आणि पुन्हा 1920 ते 1923 या काळात शिक्षणासाठी परदेशी असताना मुंबईतील घर चालवले. पाच अपत्यांपैकी चार तिच्या डोळ्यांदेखत गेली आणि एकटे यशवंत वाचले. हे घर चालवणे हे एक काम होते, त्याला अक्कल लागत होती आणि निर्णय लागत होते. बाबासाहेबांनी 1940 साली प्रसिद्ध झालेला ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत त्यांच्या मनाच्या थोरपणाबरोबर, कोणी मित्र नसलेल्या ओढगस्तीच्या दिवसांत त्यांनी दाखवलेल्या शांत धैर्याची नोंद आहे. आपण मात्र धैर्य बाजूला ठेवून अश्रूच अधिक गात राहिलो. नातवंडे पाहणे रमाईंच्या वाट्याला आले नाही. 27 मे 1935 रोजी त्यांचे निधन झाले.

आजी आणि आई या दोघींचे चरित्र एका घरातून, जवळून लिहिले गेल्याचे उदाहरण हवे असेल तर ते आपल्या शेजारच्या नागपुरातच आहे. कौसल्या बैसंत्री यांचा जन्म 1926 सालचा, बालपण खलाशी लाईनच्या वस्तीतले. त्यांचे ‘दोहरा अभिशाप’ हे आत्मकथन 1999 साली हिंदीत प्रसिद्ध झाले. मराठी मुलखातल्या या आजीची कथा हिंदीत आधी आली, याची आम्हाला थोडी खंत वाटते. ही आजी बालविधवा झाली, तिचा पाट लावण्यात आला, आणि त्या दुसऱ्या घरी तिचा अपमान होऊ लागला. एके रात्री ती मुलांना घेऊन निघाली आणि पायी चालत नागपूर गाठले. पुढे मोलमजुरी करून तिने मुले वाढवली, परंतु परत गेली नाही. घर सोडणारी बाई म्हणजे कुलबुडवी, असे मानणाऱ्या काळातली ही गोष्ट आहे.

तिची मुलगी, म्हणजे कौसल्याबाईंची आई, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये काम करी. वडीलही तेथेच. घरात मुलींची रांग, वस्तीतल्या लोकांचे टोमणे, आणि तरीही या आईने मुली शिकवायच्या ठरवल्या. हा निर्णय आकाशातून पडलेला नव्हता. जाईबाई चौधरी यांचे बोलणे तिच्या कानांवर पडले होते. जाईबाई स्वतः एके काळी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावर ओझी वाहत असत. पुढे त्या शिकल्या आणि 1922 साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. हमालीचे ओझे वाहिलेल्या एका बाईचे शब्द गिरणीत राबणाऱ्या दुसऱ्या बाईला पटले आणि त्यातून एका घरातील मुली शाळेत गेल्या. 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात अस्पृश्य महिलांची परिषद भरली आणि हजारो स्त्रिया जमल्या. त्यांच्यामागे अशाच घराघरांतील निर्णय होते, असे आम्ही मानतो.

आता आपल्या मुलखाकडे यावे. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता. तो 1982 साली झाला. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची खेडी एकाच चांदा जिल्ह्यात होती. त्या दिवशी मैदानावर काय घडले ते पुस्तकांत आहे. परंतु गावी परतल्यावर देव्हाऱ्याचे काय करायचे, कोणता उपास सोडायचा, बारसे कसे करायचे, सुनेला आणि व्याह्यांना काय सांगायचे, हे प्रश्न घरात सुटले, आणि ते सोडवले बायकांनी. बावीस प्रतिज्ञा पुरुषांनी सभेत म्हटल्या असतील. चुलीपाशी त्या पाळल्या जातील की नाही हे आजीच्या हाती होते. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे. तिला विचारायला आपल्यापाशी फार वर्षे उरलेली नाहीत.

या आज्यांचे वर्ष कसे जाई, तेही सांगितले पाहिजे, कारण आमच्यातील अनेकांची शहरात वाढलेली मुले ते जाणत नाहीत. आषाढात पऱ्हे उपटायचे आणि गुडघाभर चिखलात वाकून धान रोवायचे. दिवाळीच्या पुढेमागे कापणी. होळीच्या आगेमागे पहाटे उठून मोहफुले वेचायची. उन्हे तापली की तेंदूची पाने तोडायची, घरी आणून 70 पानांचे एक पुडके बांधायचे आणि संध्याकाळी मोजून द्यायचे. अक्षर न ओळखणारी ही बाई पानांच्या मोजणीत चुकत नसे, आणि मुनशी चुकला तर त्याला चुकू देत नसे. धानाचा हंगाम आटोपला की आजही या दोन जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबे मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. आईबाप असे बाहेर गेले की मागे लेकरू कोणाजवळ राहते? आजीजवळ, नाही तर निवासी शाळेत. शाळा आणि आजी यांचे काम या अर्थाने एकच आहे. एवढेच, की शाळेच्या कामाची नोंदवही आहे.

कोणी म्हणेल, हा घरगुती विषय झाला, स्मरणिका संस्थेची असते. आम्हाला हा भेद मान्य नाही. गुरे राखू शकणारा मुलगा, धाकट्याला सांभाळू शकणारी मुलगी शाळेत ठेवणे म्हणजे घरातले दोन हात कमी करणे. ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीचा हिशेब सकाळी करावा लागे, त्या घराने हे दोन हात दिले. इमारतीचा देणगीदार फलकावर असतो, त्याचा आदर आहेच. परंतु इमारत उभी राहिली आणि मुले आलीच नसती तर? मुले आली, कारण कोणीतरी पदराच्या गाठीतून एस. टी. चे भाडे काढले.

महाराष्ट्र शासनाने 2024 साली निर्णय घेतला की ठरावीक तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे. चांगला निर्णय आहे. शाळेच्या दाखल्यावर आईचे नाव आता हक्काने येईल. आजीच्या नावाला मात्र कोणत्याही नमुन्यात रकाना नाही, आणि तो शासनाने द्यावा अशी आमची अपेक्षाही नाही. तो शाळेने द्यावा.

म्हणून आमची सूचना अशी. उन्हाळ्याच्या सुटीत इयत्ता आठवी आणि नववीच्या प्रत्येक मुलामुलीला एक कोरी वही द्यावी. मुलांनी आपल्या आजीला, आजी नसेल तर शेजारच्या कोण्या म्हाताऱ्या माउलीला विचारून लिहावे: तिचे माहेरचे नाव काय, लग्नानंतर ते बदलले काय, पहिली मजुरी किती मिळाली, दीक्षेच्या वर्षी घरात काय काय बदलले, कोणत्या गोष्टीला तिने ‘नाही’ म्हटले, आणि या लेकराला शाळेत घालायचे कोणी ठरवले. माजी विद्यार्थ्यांनीही हे करावे. नागपूर-पुण्यात स्थिरावून सत्कारसमारंभात ‘आईच्या आशीर्वादाने’ म्हणणाऱ्या आमच्या मित्रांनी तर दोन दिवस गावी राहून करावे. भाषणापेक्षा ते अवघड आहे.

एक विनंती शिक्षकांना. आजी ज्या बोलीत बोलते त्या बोलीतच ते उतरू द्यावे. ती ‘पानी’ म्हणाली तर वहीत ‘पानी’च राहावे, लाल शाईने त्याचे ‘पाणी’ करू नये. वह्या तपासून गुण देण्याचीही गरज नाही. त्या ग्रंथालयात, संस्थापकांच्या चरित्रांच्या शेजारी ठेवाव्यात, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर त्या आजीचे पूर्ण नाव लिहून त्याखाली तिची सही घ्यावी. सही येत नसेल तर अंगठा घ्यावा, पण नाव वर मोठ्या अक्षरात असावे.