मनोरुग्णांचे निमित्त

२४ मे २०२२ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात, युव्हाल्डी गावच्या प्राथमिक शाळेत, अठरा वर्षांच्या एका तरुणाने १९ मुले व २ शिक्षिका यांना गोळ्या घालून ठार केले. बंदुका त्याने चोरल्या नव्हत्या. अठरावा वाढदिवस उलटल्यावर थोड्याच दिवसांत त्या त्याने कायदेशीरपणे विकत घेतल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर ग्रेग अॅबट यांनी दोष मानसिक अनारोग्याचा असल्याचा निर्वाळा दिला. याच महाशयांनी महिनाभर आधी, मानसिक आरोग्याचे कार्यक्रम ज्या खात्याकडे आहेत त्या खात्यातील २१ कोटी १० लाख डॉलर मेक्सिकोच्या सीमेवरील बंदोबस्ताकडे वळविले होते.

हा एका गव्हर्नरचा दांभिकपणा म्हणून सोडून देता येत नाही. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर माणसे कोंडलेली होती. ती मोकळी करून वस्तीवस्तीत उपचारकेंद्रे काढावयाची, असा कायदा केनेडींच्या कारकीर्दीत १९६३ मध्ये झाला. रुग्णालये रिकामी झाली, केंद्रे मात्र गरजेच्या मानाने उभी राहिलीच नाहीत. कार्टर यांनी १९८० मध्ये ही उणीव भरून काढणारा कायदा केला. रेगन यांनी १९८१ मध्ये तो जवळजवळ सबंध मोडीत काढला आणि केंद्राचा पैसा कमी करून जबाबदारी राज्यांच्या गळ्यात घातली. त्याच वर्षी ३० मार्चला स्वतः रेगन एका मनोरुग्णाच्या गोळीने जबर जखमी झाले होते! ते पिस्तूल सावकारी गहाणाच्या दुकानातून घेतलेले होते. निराधार रुग्णांपैकी कित्येकांना पुढे तुरुंग हेच रुग्णालय झाले.

मनोरुग्ण सर्वच देशांत आहेत. शाळाशाळांतून अशी हत्याकांडे अमेरिकेतच वारंवार का होतात, हा तेथील डाव्या मंडळींचा प्रश्न बिनतोड आहे. २०१७ च्या अंदाजानुसार त्या देशात नागरिकांच्या हाती ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे माणसांपेक्षा अधिक. हा बाजारही विलक्षण आहे. मोठे हत्याकांड झाले आणि निर्बंधांची चर्चा सुरू झाली की खप वाढतो. आपल्या मालाने केलेल्या हानीची भरपाई मागणाऱ्या बहुतेक दाव्यांपासून २००५ च्या कायद्याने या कारखानदारांना संरक्षण दिले आहे. इतके लाड फार थोड्या धंद्यांच्या वाट्याला येतात. अशा उद्योगाला मनोरुग्ण हा सोयीचा आरोपी वाटावा यात नवल नाही. त्याची संघटना नाही, त्याला मतांची किंमत नाही, आणि तो उलट उत्तर देत नाही.

परंतु येथे पुरोगामी बाजूचीही एक चूक होते. प्रतिपक्ष कांगावा करतो म्हणून मानसिक आरोग्याचा विषयच ती टाळू पाहते. वस्तुतः बहुसंख्य मनोरुग्ण कोणावरही हात उगारीत नाहीत. बंदुकीचा खरा धोका त्यांना स्वतःलाच आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, आणि त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. निराशेचा झटका काही तासांत ओसरू शकतो, पण हाताशी बंदूक असेल तर तेवढा अवधी मिळत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील कार्यकर्त्याला हे समजावून सांगावयास नको. कीटकनाशकाची बाटली घरात असणे म्हणजे काय, हे त्याने पाहिलेले आहे. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणली आणि दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. दुःख तेथेही नाहीसे झाले नव्हते. म्हणूनच साधनावरील निर्बंध आणि उपचाराचा हक्क या दोन मागण्या परस्परांच्या पर्याय नाहीत, आणि दोन्हींच्या आड येणारे हितसंबंधही बहुधा एकच असतात.

युव्हाल्डीनंतर जून २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने उभयपक्षी संमतीने एक कायदा केला. लष्करी धाटणीच्या रायफलींची विक्री त्याने थांबविली नाही. एकवीस वर्षांखालील ग्राहकांची चौकशी तेवढी कडक केली, आणि शाळांतून मानसोपचाराची सोय व्हावी म्हणून पैसा दिला. प्रतिपक्ष जे मागत होता तेच हे होते. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने त्या पैशातील सुमारे १०० कोटी डॉलरची शाळांची अनुदाने बंद करण्याचे ठरविले, आणि ती वाचविण्यासाठी अनेक राज्यांना न्यायालयात धाव घ्यावी लागली. रायफली दुकानांत होत्या तशाच आहेत.