मॅरिगोल्ड हॉटेलातला हजेरीपट

'द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल' २०१२ साली इंग्लंडात लागला, आणि तेव्हापासून "अरे किती गोड सिनेमा आहे, बघच!" असं सांगणारे लोक मला सतत भेटतायत. सात वयस्क इंग्रज. कुणाकडे पैसा उरला नाही, कुणाला खुब्याचं ऑपरेशन स्वस्तात हवंय, कुणाला सोबत हवीये. सगळे बाडबिस्तरा घेऊन जयपूरला येतात आणि नव्याने जगायला लागतात. ज्युडी डेंच, मॅगी स्मिथ, बिल नाय... कामं झकासच. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पुढच्या वाक्याबद्दल. "आणि त्यात आपले लोक किती आहेत बघ!" आहेत ना. देव पटेल आहे, टीना देसाई आहे, लिलेट दुबे आहे. हजेरीपट फुल्ल. पण हजेरी लागली म्हणजे प्रतिनिधित्व झालं, हे कुणी ठरवलं? कोडमध्ये हेल्पर फंक्शन्स असतात, कुणी बोलावलं की उठायचं, काम करून द्यायचं आणि गुमान परत जायचं. या सिनेमातले बहुतेक भारतीय तसे आहेत.

मूळ कादंबरी डेबोरा मोगॅकची, २००४ची, आणि ती घडते बंगलोरमध्ये! सिनेमात गाव बदललं. बंगलोरच्या ट्रॅफिकला आणि काचेच्या बिल्डिंगांना कोण 'एक्झॉटिक' म्हणणार? कॉल सेंटर तेवढं ठेवलं. तिथे एव्हलिनबाई आपल्या पोरापोरींना शिकवतात, इंग्लंडातल्या म्हाताऱ्या माणसांशी फोनवर कसं बोलावं. म्हणजे घरी आजीआजोबांच्या मांडीवर वाढलेल्या पोरांना म्हाताऱ्या माणसाशी मायेने बोलायलाही विलायतेहून मास्तरीण हवी. कमाल आहे.

पण मला खरा राग आहे तो अनोखीच्या प्रसंगाचा. अनोखी हॉटेलात झाडू मारते, दलित आहे. म्युरिएल, जिला सुरुवातीला काळ्या-सावळ्या माणसाचा हातही अंगाला लागलेला चालत नाही, तिच्याशी दोन शब्द बोलते. तेवढ्यावर अनोखी कृतज्ञतेने तिला घरी नेते. म्युरिएल विरघळते, आपणही जन्मभर दुसऱ्यांच्या घरी राबलो आणि शेवटी टाकून दिले गेलो हे सांगते. सुंदर सीन आहे, मान्य. पण मग पुढे? म्युरिएल हॉटेलचे हिशेब तपासते, धंदा वाचवते, व्यवस्थापनात जाऊन बसते. अनोखीच्या हातात झाडू तो झाडूच. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर माणसं आपल्या हक्काने पाणी प्यायला गेली होती. तो इतिहास शाळेत शिकलेल्या माणसाने, एका इंग्रज पाहुणीने दखल घेतली म्हणून हात जोडणारी अनोखी बघून डोळे कसे पुसायचे?

"हलकाफुलका सिनेमा आहे रे, किती मनावर घेशील!" हे उत्तर मला पाठ आहे. हलकाफुलका आहे तर सगळ्यांसाठी असू दे की. म्हाताऱ्या इंग्रज बाईला चुकायची, कुढायची, वाईट वागायची आणि मग सुधारायची पुरेपूर मुभा आहे. सनीला मिळतं ते विनोदी इंग्रजी, आणि आईची लग्नाला परवानगी.

आणि मनोज? ग्रॅहम नावाचे रिटायर्ड जज तरुणपणीच्या आपल्या प्रेमाला, मनोजला, शोधायला आलेत. प्रकरण उघडकीला आलं तेव्हा बदनामी झाली ती मनोजच्या घरच्यांची. ग्रॅहम इंग्लंडला निघून गेले. मनोज इथेच राहिला, लग्न केलं, संसार केला, आणि त्याच्या बायकोला सगळं माहीत आहे! अख्ख्या सिनेमात इतकं जगलेला भारतीय माणूस दुसरा नाही. चाळीसेक वर्षं त्या दोघांनी एका घरात हे कसं निभावलं असेल? तिने कधी, कसं ऐकलं असेल? दिग्दर्शक जॉन मॅडन तिला दारात उभी करतात, ग्रॅहमचं मन हलकं करतात, आणि ती कोण होती हे विचारायच्या आत ग्रॅहमची चिता पेटवतात.