त्या मुलांना आई आहे

परीक्षा संपत आल्या. वसई-विरारच्या घराघरांत सुट्टीचे बेत चाललेत. काही घरांत यंदा एक नवाच बेत ऐकू येतो. लेक म्हणते, मी नेपाळला जाते, काठमांडूच्या एका बालगृहात दोन आठवडे मुलांना शिकवते. मुलगा म्हणतो, मी केनियाला जातो. मोबाईलवर माहितीपत्रक आलेलं असतं, त्यात हसरी मुलं असतात. परदेशी विद्यापीठाच्या अर्जात अशा सेवेला वजन असतं, असंही कुणीतरी सांगितलेलं असतं. तुमचा ऊर भरून येतो. यावाच. पोरांनी दुसऱ्याचं दुःख आपलं मानावं म्हणूनच तर तुम्ही त्यांना वाढवलंत.

पण थांबा. पैसे भरण्याआधी हे वाचा. भरले असतील तरी वाचा.

तुमची लेक ज्यांना 'अनाथ' समजून भेटायला निघाली आहे, त्यांतल्या बहुतेकांची आई किंवा वडील जिवंत आहेत. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने 2009 साली जगभरातल्या बालसंस्थांचा आढावा घेतला. पाचातल्या किमान चार मुलांना आई किंवा वडील होते. कंबोडियात 2005 ते 2010 या पाच वर्षांत बालगृहांची संख्या 75 टक्क्यांनी वाढली. त्या काळात देशात अनाथ मुलं वाढली नव्हती. वाढले होते ते पर्यटक, आणि त्यांच्यासोबत आलेला पैसा. युनिसेफने पाहिलं, तर तिथल्या चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते.

नेपाळचं तर काळीज चिरणारं आहे. तिबेटच्या सीमेला लागून हुमला नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. 1996 ते 2006 या काळात देशात माओवाद्यांचं युद्ध पेटलं होतं. तेव्हा दलाल हुमलाच्या गावांत पोचले. पोरांना काठमांडूच्या चांगल्या शाळेत घालतो, म्हणाले. आईबापांनी जमीन विकून, कर्ज काढून त्यांना पैसे दिले. काठमांडूत त्या मुलांचे कागद बदलले. आईबाप कागदावर मेले. पोरं 'अनाथ' म्हणून पाहुण्यांसमोर उभी राहिली. देशातली बहुतांश बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, पोखरा, चितवन अशा पर्यटकांच्या ठिकाणीच का उभी राहिली, हा प्रश्न स्वतःला विचारा. दुर्गम खेड्यात गरिबी जास्त. तिथे बालगृह नाही. जिथे विमान उतरतं, तिथे बालगृह.

पाहुणे येतात म्हणून पैसा येतो. पैसा येतो म्हणून मुलं आणावी लागतात. तुमच्या लेकीने भरलेलं शुल्क त्या साखळीत जातं. तिच्या मनात पाप नाही. तुमच्या मनात तर नाहीच. म्हणूनच हे तुम्हाला सांगायचं. तिच्याशी बोला. ओरडू नका, हिणवू नका. तिला एकच विचारा: या मुलांचे आईबाप कुठे आहेत, हे तू त्या संस्थेला विचारलंस का? उत्तर काय येतं ते दोघं मिळून वाचा.

आणखी एक विचारा. तुमच्या धाकट्याच्या शाळेत उद्या कुणी अनोळखी परदेशी तरुण आला आणि म्हणाला, पैसे देतो, मला पंधरा दिवस या पोरांसोबत राहू द्या, रात्रीही इथेच झोपतो. तुम्ही काय कराल? मुख्याध्यापकांना जाब विचाराल. पोलिसांत जाल. आपल्या झेडपीच्या शाळेत शिकवायला डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचं डी.एड., लागतं. त्या परक्या बालगृहातल्या मुलांसाठी मात्र ना भाषा लागते, ना चौकशी, फक्त शुल्क. 2014 साली अमेरिकेतला एक कोवळा तरुण नैरोबीजवळच्या बालगृहात स्वयंसेवक म्हणून राहिला आणि त्याने तिथल्या मुलांवर अत्याचार केले. 2016 मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने त्याला 40 वर्षांची शिक्षा दिली. ज्या दारातून तुमची सज्जन लेक कुठलीही चौकशी न होता आत जाते, त्याच दारातून तोही आत गेला होता.

हे दूरचं वाटतं? कुलाबा दूर नाही. चर्चगेटला उतरून बसने जातो आपण. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या दोघांनी तिथे रस्त्यावरच्या मुलांसाठी 'अँकरेज' नावाची आश्रयगृहं चालवली. परोपकारी म्हणून त्यांचं नाव होतं. 2001 मध्ये मुलं बोलली. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने दोघांना दोषी ठरवलं, 2008 मध्ये उच्च न्यायालयाने सोडलं, आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. न्याय मिळायला मुलांना दहा वर्षं लागली. गोव्यात मडगावला फ्रेडी पीट्स नावाचा माणूस 'गुरुकुल' चालवायचा. 1991 मध्ये तो पकडला गेला, 1996 मध्ये त्याला जन्मठेप झाली. परदेशी पाहुणे त्याच्याकडेही येत होते. शेजाऱ्यांना तो देवमाणूस वाटत होता.

म्हणून अशा भेटी टाळायची ही विनंती आखातात, कॅनडात, इंग्लंडमध्ये असलेल्या आपल्या माणसांनाही पोचवा. ते मे महिन्यात येतात, नाताळला येतात. तिकडे वाढलेल्या मुलांना 'आपला देश दाखवायचा' म्हणून एखाद्या आश्रमात नेतात. काका-मामा गाडी काढतात, केक घेतात. भाचीचा वाढदिवस पन्नास मुलांमध्ये होतो. फोटो निघतात, रात्री ग्रुपवर पडतात. आपल्या मुलांसाठी परदेश तो काठमांडू. त्यांच्या मुलांसाठी परदेश म्हणजे आपलाच पालघर जिल्हा. इकडेही तेच चालू आहे. बालन्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तो फोटो टाकू नका. टाकला असेल तर आज काढा.

त्या मुलाच्या जागी एकदा बसून बघा. अनोळखी ताई आली. तिने कडेवर घेतलं, गाणं शिकवलं, केसांत क्लिप लावली. मूल तिला चिकटलं. पंधराव्या दिवशी ती रडत निघून गेली. सोळाव्या दिवशी दुसरी आली. संस्थेत वाढलेली लहान मुलं दिसेल त्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडतात. पाहुण्यांना ते प्रेम वाटतं. ती जखम असते. रोमानियातल्या बुखारेस्टमध्ये 2000 सालापासून 136 मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. अनाथालयातली काही मुलं चांगल्या पालक कुटुंबांत ठेवली, तेव्हा ती बोलण्यात, बुद्धीत, माया लावण्यात सावरली. जी दोन वर्षांची होण्याआधी घरात गेली, ती जास्त सावरली. मुलाला घर लागतं, आणि ते लवकर लागतं. म्हणूनच 2019 च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने अनाथालयांतल्या अशा सेवा-पर्यटनाचे धोके ओळखून ते रोखायला सगळ्या देशांना सांगितलं.

चांगली बालगृहं आहेत. आपल्या जिल्ह्यातही आहेत. ज्या मुलाला खरोखर कुणी नाही, त्याच्यासाठी तिथल्या सिस्टर, अधीक्षक, काळजीवाहू मावश्या आयुष्य घालवतात. वसईच्या धर्मग्रामांतून जे फादर आणि सिस्टर दूरदेशी गेले, ते तिथली भाषा शिकले आणि तिथेच राहिले. त्यांच्या कामाला ही विनंती लागू नाही. पण चांगली संस्था प्रश्नांना घाबरत नाही. तिला विचारा: बालन्याय कायद्याखाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवाल का? प्रत्येक मूल बालकल्याण समितीच्या आदेशानेच इथे आलं आहे ना? मूल घरी परत जावं म्हणून तुम्ही काय करता? नोंदणी नसेल तर ते बालगृह चालवणं हाच गुन्हा आहे. तिथे देणगी देऊ नका. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत.

तुमच्या लेकीला सेवा करायचीच आहे. करू द्या. ती कशी करायची, हे याच जिल्ह्याने उभ्या देशाला शिकवलंय.

1945 साली ताराबाई मोडकांनी डहाणू तालुक्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं बालवाडीत येईनात. घरी धाकटं भावंड सांभाळायचं, गुरं राखायची. दुसरं कुणी असतं तर त्या पोरांना उचलून वसतिगृहात ठेवलं असतं. या दोघींनी बालवाडीच उचलली. पाड्यावर नेली, घराच्या अंगणात मांडली. ती अंगणवाडी. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी शाळा कुरणात नेली. ती कुरणशाळा. मूल आईजवळ राहिलं आणि शिकलंही. अनुताई 1992 मध्ये गेल्या. तोवर अंगणवाडी देशभर पोचली होती.

आपल्या वसई तालुक्यातही हेच झालं. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडची माणसं कामासाठी बाहेर पडतात. कुणी बांधकामावर, कुणी वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर. पोरं सोबत येतात, शाळा सुटते. उसगावच्या विधायक संसदेने नव्वदच्या दशकात त्या मजुरांच्या झोपड्यांजवळ भोंगाशाळा उघडल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची तात्पुरती झोपडी. शाळाही तशीच, भोंग्यातली. आईबाप विटा पाडायचे, पोर हाकेच्या अंतरावर अक्षरं गिरवायचं.

पण धोका अजून टळलेला नाही. गरीब घराच्या दारात जो आधी पोचतो, पोर त्याच्यासोबत जातं. 2022 साली शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढपाळांकडे वेठीला ठेवल्याचं उघड झालं. बदल्यात घरच्यांना थोडे पैसे, एखादी मेंढी. एका लहान मुलीचा जीव गेला. हुमलाच्या आईबापांना शाळेचं आमिष दिलं, इथे मेंढीचं. त्या दारात आधी तुम्ही पोचा. कामण, पारोळ, शिरसाड काही काठमांडूइतकं लांब नाही. लेकीला मराठी येते. ती पावसाळ्यातही जाऊ शकते, पुढच्या वर्षीही जाऊ शकते. एकटी पाठवू नका. अंगणवाडी ताईंना, शाळेच्या गुरुजींना, तिथे काम करणाऱ्या संस्थेला विचारून, त्यांच्या हाताखाली, आईबापांच्या देखत तिला काम करू द्या.

आणि इतक्या लांबही जायला नको. नालासोपाऱ्यात, विरारमध्ये, तुमच्याच चाळीत एखादी बाई असेल. नवरा गेला, दोन मुलं, चार घरची धुणीभांडी. कुणीतरी तिला सांगतंय, पोरांना आश्रमात टाक, तिथे खायला तरी मिळेल. ती रात्रभर जागते आहे. तिला पोरं टाकायची नाहीत. तिला महिना काढायचा आहे.

तिला सांगा की राज्याची बालसंगोपन योजना आहे, सावित्रीबाईंच्या नावाची. आई किंवा वडील गेलेल्या, आजारात, संकटात सापडलेल्या घरातल्या मुलासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात, मूल घरीच ठेवून. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा 4,000 रुपये आहेत. तिथे शहरी घराचं वार्षिक उत्पन्न 96,000 च्या आत, ग्रामीण भागात 72,000 च्या आत लागतं. कुठली योजना बसते ते पालघरचा जिल्हा बाल संरक्षण कक्ष सांगेल. आणि तुमच्या घरात जागा असेल, मनाची तयारी असेल, तर तिथेच प्रतिपालकत्वाची चौकशी करा. काही काळासाठी एखाद्या मुलाला आपलं घर देता येतं, रीतसर, बालकल्याण समितीच्या परवानगीने. मूल कुणाकडून परस्पर 'घेऊन' मात्र येऊ नका, कितीही दया आली तरी.

त्या बाईला तुमचे पैसे नकोत, सोबत हवी आहे. तिला अर्ज भरता येत नाही. लोकलचं तिकीट काढून पालघरला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, आणि एक कागद कमी पडला की पुन्हा दुसरा दिवस बुडतो. लेकीला हे काम द्या. तिला म्हणा, या बाईंचे कागद तू जमव. आधार, रेशनकार्ड, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक. झेरॉक्स दोन-दोन. मग तिच्यासोबत पालघरची गाडी पकड. अर्ज आत गेल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.

शाळेतून मुलांचं बोनाफाईडही लागतं, ते सर्वांत आधी काढा. शाळेला सुट्टी लागली की कार्यालयात कुणी भेटेल याचा नेम नाही, आणि त्या एका कागदापायी अर्ज जूनपर्यंत लटकतो. त्या बाईला जूनपर्यंत धीर धरवेलच असं नाही. उद्या सकाळी शाळेत जा.