आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोज्यांच्या एका कारखान्यास आग लागली आणि सहा कामगार प्राणांस मुकले. पुढे चार महिनेही लोटले नव्हते, तोच ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी परिसरात शिंपीकामाच्या दुकानास आग लागून एकाच कुटुंबातील सात माणसे दगावली. त्या दोन आगींत दोष कोणाचा, हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. छावणी आणि वाळूज ह्यांना जोडणारा नगर रस्ता एक आहे. त्या रस्त्यावरचे कारभार मात्र अनेक आहेत, आणि त्यांचे अग्निशमन व रुग्णवाहिका एका हाताखाली याव्यात की नाहीत, हा प्रश्न आम्हांस येथे मांडावयाचा आहे.

वाळूज हे नाव आपण एका गावाचे म्हणून घेतो. १९८५ साली बजाजचा कारखाना येथे सुरू झाला आणि पाहता पाहता आसपासच्या गावांचे मिळून एक सलग नगर उभे राहिले. कागदोपत्री मात्र ते आजही नगर नाही. वाळूज, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, घाणेगाव ही गावे गंगापूर तालुक्यात मोडतात. वडगाव कोल्हाटी आणि तिसगाव छत्रपती संभाजीनगर तालुक्यात. प्रत्येकाची ग्रामपंचायत निराळी. मध्ये औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत, तिचे स्वतंत्र अग्निशामक केंद्र. कडेला सिडकोचे वाळूज महानगर. आणि पूर्वेस छावणी ओलांडली की महानगरपालिका. महापालिकेचा बंब पदमपुऱ्यातून निघाला तर लोखंडी पूल, छावणी, नगर नाका आणि गोलवाडी एवढे सारे पार करून त्याने यावयाचे. पाळी सुटण्याच्या वेळी त्या रस्त्याने दुचाकीवरूनही ज्याने प्रवास केला आहे, त्यास अधिक सांगणे नलगे.

ह्या अव्यवस्थेचे मूळ कायद्यात आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा हा नगरपालिकांचा विषय म्हणून स्पष्ट लिहिला आहे. पंचायतींसाठी असलेल्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत. त्यांत आगीचा उल्लेख नाही. खेड्यातली आग म्हणजे गवताची गंजी पेटणे, अशीच बहुधा समजूत असावी! बंबाने शहरात पाच ते सात मिनिटांत व ग्रामीण भागात वीस मिनिटांत पोहोचावे, हा केंद्रीय सल्लागार परिषदेचा मापदंडही त्याच समजुतीस धरून आहे. रांजणगावातील एकेका खोलीत चार-चार कामगार राहतात, शेजारच्या गट नंबरांत रंगाची, फोमची, पुठ्ठ्याची गोदामे आहेत. तेथील माणसाने केवळ त्याचे गाव दप्तरी खेडे आहे म्हणून अधिक मिनिटे धुरात काढावीत, हा न्याय कोणता?

केरळ, तामिळनाडू, कर्नाटक ह्या राज्यांनी अग्निशमन दल राज्य शासनाच्या हाती ठेवले आहे. महाराष्ट्राने ते मुख्यत: स्थानिक संस्थांकडे ठेवले. रुग्णवाहिकेची गोष्ट नेमकी उलटी: २०१४ पासून १०८ ची सेवा साऱ्या राज्याची आहे. म्हणजे आगीसाठी एक दार ठोठवायचे, जखमींसाठी दुसरे. नगर रस्त्यावर ट्रकखाली मोटार चेपली तर आतील माणसास पत्रा कापून बाहेर काढणारे लोक अग्निशामक दलाचे आणि त्यास घाटी रुग्णालयात पोहोचविणारे लोक १०८ चे. दोघांपैकी एकच आला तर त्याचा उपयोग अर्धाही नाही.

म्हणून आमची सूचना अशी की, महापालिका, महामंडळ, छावणी मंडळ, सिडको व ह्या ग्रामपंचायती ह्यांनी मिळून एक वर्दी-कक्ष व एक संयुक्त दल उभारावे आणि १०८ शी त्याची थेट जोड असावी. वर्दी येताच जवळचा बंब निघावा. हद्द कोणाची, हा हिशेब बंब परतल्यावर व्हावा. आजही मोठी आग लागली की एकाचे बंब दुसऱ्याच्या मदतीस धावतात, हे त्या जवानांचे भूषण आहे. परंतु मदत मागेपर्यंत जो वेळ जातो, तोच तर आगीचा वेळ असतो.

ह्यास विरोध होईल, आणि तो सर्वस्वी अनाठायी नाही. जे पालिकेचा कर भरीत नाहीत, त्यांच्यासाठी शहरवासीयांनी खर्च का सोसावा, असे शहरातून विचारले जाईल. ग्रामपंचायतींना हद्दवाढीचा वास येईल. कारखानदार म्हणतील की, आमचा बंब चाळीत गेला आणि इकडे कारखाना पेटला तर काय? त्यांना आमचे उत्तर एवढेच की, त्या चाळीत निजणारा माणूस सकाळी तुमच्याच यंत्रावर उभा असतो. मात्र एकीकरण म्हणजे काटकसर, असा अर्थ कोणी केल्यास आम्ही त्याच्या विरुद्ध उभे राहू. स्कॉटलंडने २०१३ साली आठ अग्निशमन दलांचे एक दल केले आणि आठ नियंत्रण कक्षांचे पुढे तीन केले. गल्लीबोळ ठाऊक असलेला माणूस दूरध्वनीवरून गेला, ही तक्रार तेथे झाली. वाळूजच्या वर्दी-कक्षात जोगेश्वरीची वाट जाणणारा माणूस हवाच, आणि हिंदी, भोजपुरी समजणाराही हवा.

खर्चाची वाटणी लोकसंख्या व कारखान्यांचे क्षेत्र पाहून ठरविता येईल. नगरपालिका व पंचायती ह्यांच्या समाईक प्रश्नांचा विचार जिल्हा नियोजन समितीने करावा, असे घटनेतच म्हटले आहे. तेव्हा पालकमंत्र्यांनी हा विषय समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून आराखडा मागवावा. ह्या कामास काही महिने लागतील, हे आम्ही जाणतो.

पण एक काम आजच होण्यासारखे आहे. १९०४ साली अमेरिकेत बाल्टिमोर शहर पेटले, तेव्हा शेजारच्या शहरांचे बंब आगगाडीने मदतीस आले. परंतु अनेकांच्या नळ्या तेथील पाण्याच्या तोंडांस बसेनात, आणि दीड हजारांवर इमारती जळाल्या. महापालिकेचा व महामंडळाचा एकेक बंब एखाद्या सकाळी रांजणगावात समोरासमोर उभा करावा आणि एकाची नळी दुसऱ्यास बसते की नाही, एवढे तरी पाहून घ्यावे.