भरवसा किती टक्के?

‘देशातला सर्वांत विश्वासार्ह नेता कोण?’ असा पोल आला की आपण आधी आकडा बघतो. प्रश्न काय होता, यादीत कोण कोण होतं, हे बघायचं राहूनच जातं. खरी मेख मात्र तिथेच असते.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. सीबीएस वाहिनीवर बातम्या देणारे वॉल्टर क्रॉन्काइट ‘अमेरिकेतला सर्वांत विश्वासार्ह माणूस’ म्हणून ओळखले जायचे. या बिरुदामागे १९७२ चा एक सर्व्हे होता. त्यात त्यांना ७३ टक्के मिळाले. पण यादीतले बाकीचे होते राजकारणी! त्यांच्या रांगेत बातम्या देणारा ओळखीचा चेहरा उभा केला, तर तो पुढे जाणारच ना?

दुसरी गंमत मोजपट्टीची. जाहिरातींतल्या सेलिब्रिटींची विश्वासार्हता मोजण्यासाठी रूबिना ओहानियन या संशोधिकेने १९९० मध्ये १५ शब्दजोड्यांची मोजपट्टी मांडली. ‘प्रामाणिक की अप्रामाणिक’ अशा जोडीत आपण त्या व्यक्तीला कुठे ठेवतो, ते सांगायचं. त्यातल्या ५ जोड्या प्रामाणिकपणाच्या, ५ जाणकारीच्या आणि ५ चक्क दिसण्याच्या! यात मोजपट्टीचा दोष नाही. देखणा चेहरा समोर आला की आपणच थोडे विरघळतो, तेवढंच ती टिपते.

म्हणजे अशा आकड्यांतून कळतं ते माणूस आपल्याला कसा ‘वाटतो’ एवढंच. तो खरं बोलतो का, हे वेगळं तपासावं लागतं. आपल्याकडचा २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा हा फरक ओळखतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या सेलिब्रिटीलाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरातीतला दावा आधी नीट तपासला असेल, तर मात्र दंडातून सुटका. थोडक्यात, चेहरा कितीही विश्वासू वाटो, कायदा विचारतो, ‘तपासलं होतंस का?’

नेत्यांच्या पोलला असं विचारणारं कुणी नसतं. आपल्यापैकी अनेक जण पहिल्यांदाच मतदान करणार आहेत. म्हणून पुढचा पोल शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघूया : प्रश्न काय होता, किती आणि कोणत्या लोकांना विचारला, पैसे कुणी दिले. उत्तरं मिळाली नाहीत, तर तो आकडा तिथेच सोडून त्या नेत्याने मागच्या वेळी काय सांगितलं आणि काय केलं, ते शोधायला बसूया.