२३ टक्के, पण किती खरे?

विद्युत दुचाकीच्या पडद्यावरील २३ टक्के हा आकडा मोजलेला नसतो. तो अंदाज असतो. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचा व्होल्टेज बराच काळ ३.३ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो, त्यावरून शिल्लक चार्ज ओळखणे अवघड. म्हणून आत-बाहेर जाणाऱ्या विद्युतप्रवाहाचा हिशेब ठेवतात. त्यात बारीक चुका साचत जातात, वयानुसार बॅटरीची क्षमताही उतरते. अधूनमधून पूर्ण चार्ज केल्यावरच हिशेब ताळ्यावर येतो. हे भौतिकशास्त्र आहे, त्याविषयी तक्रार नाही. तक्रार लपवाछपवीची आहे. २०२२ मधील आगींनंतर सुरक्षेचे नियम कडक झाले, योग्यच झाले. पण १५ टक्के दाखवत गाडी भर रस्त्यात बंद पडली, की दोष चालकाच्या सवयींचा! उत्पादकांनी आकड्याशेजारी संभाव्य त्रुटीही दाखवलीच पाहिजे. ती लिहिली नाही, तर पदवीच्या पहिल्या वर्षातही प्रयोगवही परत मिळते.