ताप खेड्यात, इस्पितळ शहरात

हैदराबादच्या नल्लकुंटा भागात एक जुने सरकारी इस्पितळ आहे. कागदोपत्री नाव भारदस्त: सर रोनाल्ड रॉस उष्णकटिबंधीय व संसर्गजन्य रोग संस्था. डासातून हिवताप पसरतो हे ज्याने 1897 साली सिकंदराबादेत शोधले, त्या रॉसचे हे नाव. पण लोक म्हणतात फीव्हर हॉस्पिटल आणि जुनी माणसे म्हणतात कोरंटी दवाखाना. आपल्याकडे कोरांटी म्हणजे कुंपणावरचे फूल. तिकडची कोरंटी म्हणजे ‘क्वारंटाइन’ या शब्दाचे लोकांच्या तोंडी झालेले रूप! साथीच्या रोग्याला वस्तीपासून वेगळे ठेवायचे म्हणून निजामाच्या राजवटीत, 1915 साली, हा दवाखाना निघाला. निजाम गेला, हैदराबाद राज्य मोडले, आंध्र झाले, 2014 साली तेलंगण झाले. दवाखान्याच्या दारातली गर्दी मात्र हटली नाही.

सत्तरीच्या काजू बागायतदाराने आणि बेतूलच्या रापणकाराने या परमुलखातल्या दवाखान्याची चौकशी कशाला करावी? करावी, कारण तिथल्या खाटांवर जे रोग दिसतात ते शेतात राबणाऱ्याचे आणि वस्तीत दाटीवाटीने राहणाऱ्याचे रोग आहेत. घटसर्प, धनुर्वात, पटकी, पिसाळलेल्या कुत्र्याचे विष. हृदयाची आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया करायला खासगी इस्पितळे जाहिराती लावून बसली आहेत. घटसर्पाचे पोर घेऊन आलेल्या मजुराला शेवटी सरकारी दारच गाठावे लागते. रोग लागट आणि रोगी गरीब. मग दुसरे दार उघडणार कोण?

नल्लकुंट्याचे ते दार उघडे आहे, ही मोठीच गोष्ट. तेथे तेलंगणाच्या जिल्ह्यांतून रोगी येतात, तसे कर्नाटकातून आणि आपल्या मराठवाड्याच्या सीमेवरूनही येतात. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. राज्य तुटले तरी पायवाट तुटली नाही. नांदेडला 1988 साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले. पण 2023 च्या ऑक्टोबरात त्याच नांदेडच्या सरकारी इस्पितळात चोवीस तासांत 24 रोगी दगावले आणि त्यांत 12 नवजात बालके होती, हे साऱ्या देशाने वाचले. इमारत उभी राहिली म्हणजे उपचार पोचला असे नव्हे. घराजवळच्या दवाखान्यावर भरवसा नसला की माणूस जमीन गहाण टाकून दूरची गाडी पकडतो.

आणि येथेच खरी विषमता आहे. सरकार सांगते, खाट फुकट आहे. मान्य. पण गाडी फुकट आहे काय? दोघा माणसांची आठवड्याची मजुरी कोण भरून देणार? शहरात नोकरदाराचे पोर सकाळी तापले तर दुपारी डॉक्टरपुढे असते. खेड्यातले पोर आधी घरगुती काढ्यावर, मग बाजारच्या गोळीवर, मग उसन्या पैशांची वाट पाहत तीन दिवस काढते. घटसर्प त्या तीन दिवसांसाठीच टपलेला असतो. घशात पांढुरका पडदा धरतो, विष रक्तात उतरते आणि हृदयाला भिडते. त्यावर घोड्याच्या रक्तापासून केलेली प्रतिविष लस असते. पण ती फक्त रक्तात मोकळे फिरणारे विष मारते. हृदयाला चिकटलेले विष तिला सोडवत नाही. म्हणून पहिल्या दिवशीची सुई आणि चौथ्या दिवशीची सुई यांत जीवनमरणाचे अंतर पडते. शिवाय ती सुई दवाखान्यात असली पाहिजे! 2018 साली राजधानी दिल्लीत घटसर्पाने वीसहून अधिक मुले गेली, तेव्हा तिचाच तुटवडा होता. त्या एका वर्षात देशाने जगाला कळवलेले घटसर्पाचे रोगी होते 8,788.

हे सारे टळण्यासारखे होते, हे अधिक जिव्हारी लागते. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची झाल्यावरची लस, पुढे दीड वर्षाची, मग पाच वर्षांची, नंतर दहा आणि सोळा वर्षांची. लस सरकारी आहे, फुकट आहे. पहिल्या तीन सुया बहुतेक आया देतात. पाच वर्षांची सुई चुकते, कारण तेव्हा पोर हिंडतेफिरते आणि घरात कापणी असते. ज्या घरी नर्स येते तेथे ती चुकत नाही. सुईची किंमत काही रुपयांची. ती चुकली की नल्लकुंट्याची वारी.

गोव्याने एका बाबतीत मार्ग दाखवला आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लक्षणे दिसल्यावर उपाय नाही. देशात त्याने वर्षाला सुमारे 5,700 माणसे मरतात असा अंदाज आहे. गोव्यात 2014 पासून वाड्यावाड्यांवर जाऊन कुत्र्यांना लस टोचण्यात आली. 2017 नंतरच्या तीन वर्षांत येथे एकही माणूस या रोगाने दगावला नाही आणि 2021 साली राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झाले. मोठे इस्पितळ बांधून हे झाले नाही. लस रोग्याची वाट पाहत बसली नाही, ती चालत वाड्यावर गेली, म्हणून झाले.

पण दुसऱ्या बाबतीत आपल्याला खाली मान घालावी लागेल. 1 जानेवारी 2018 पासून बांबोळीच्या इस्पितळात परराज्यातल्या रोग्यांना पैसे पडू लागले. परराज्य म्हणजे कोण? दोडामार्ग आणि सावंतवाडीचा आपलाच सोयरा! तिकडे आंदोलन पेटले, मग महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेशी सांगड घालून वाट काढावी लागली. गोव्याचा पैसा गोव्यासाठी, हा हिशेब वरवर बरा दिसतो. पण माकडताप 2015 पासून सत्तरीत आला आणि 2016 साली दोडामार्गच्या केर गावात दिसला. गोचडीने पत्रादेवीचा नाका विचारला होता काय? पलीकडचा रोगी पैशाअभावी घरी राहिला तर रोगही तिथेच राहील, असे समजणारा एक तर भोळा किंवा लबाड. नल्लकुंट्याला नांदेडकराचा ताप दिसतो, मग बांबोळीने दोडामार्गकराचा पत्ता का पाहावा? खर्चाचा हिशेब दोन सरकारांनी आपसांत करावा. रोग्याला खिडकीवर उभा करून करू नये.

तेव्हा शेतकरी आणि मच्छीमार बंधूंनो, पुढाऱ्याने इस्पितळाचा नवा मजला दाखवला की टाळ्या वाजवण्याआधी चार प्रश्न विचारा. आमच्या आरोग्य केंद्रात कुत्रा चावल्यावरची आणि साप चावल्यावरची लस आज, आत्ता आहे काय? रात्री डॉक्टर असतो काय? पाच वर्षांच्या पोरांच्या सुईसाठी नर्स वाड्यावर आणि रापणीच्या किनाऱ्यावर येते काय? सीमेपलीकडून आलेल्या रोग्याला आधी तपासतात की आधी कार्ड मागतात? या चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ येईपर्यंत आरोग्याची समता भाषणातच राहील. नल्लकुंट्याचा दवाखाना हवाच. पण तिथवर कुणाला जावेच लागू नये, यासाठी गावचा दवाखाना हवा.